बासनात गुंडाळलेला उपग्रह

२००१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, ग्रीनबेल्ट इथल्या नासाच्या गोडार्ड अंतराळ केंद्रात, एक उपग्रह पेटीत बंद करून ठेवला गेला. तो बिघडलेला नव्हता. दुर्बीण, मोजमापाची उपकरणं, सांगाडा, सगळं बहुतांशी तयार होतं आणि त्यावर दहा कोटी डॉलरहून जास्त पैसा खर्च झालेला होता. आतल्या भागांना दमट हवा लागू नये म्हणून पेटीत नायट्रोजन भरण्यात आला, आणि सात वर्षं ती पेटी तशीच राहिली.

उपग्रहाचं नाव होतं ट्रायना. कोलंबसच्या सफरीत ज्याला अमेरिकेची जमीन पहिल्यांदा दिसली, त्या रॉद्रिगो दे त्रियाना या खलाशावरून ठेवलेलं. मी पुण्यात भौतिकशास्त्र शिकवते आणि ही गोष्ट दरवर्षी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. विज्ञानात सत्तेने ढवळाढवळ केली तर काय होतं, असा विषय निघाला की मुलं लगेच गॅलिलिओचं नाव घेतात. मला ट्रायनाचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. इथे कुणाला तुरुंगात टाकलं नाही, कुणाची पुस्तकं जाळली नाहीत. जे झालं ते कागदोपत्री, नियमात बसवून, आवाज न करता झालं. आजच्या काळात हे असंच होतं, म्हणून ते ओळखायला शिकलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

१९९८ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर यांनी एक कल्पना मांडली. १९७२ च्या डिसेंबरात अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी चंद्राकडे जाताना पृथ्वीचा एक फोटो काढला होता. अख्खा गोल उन्हात न्हालेला, आफ्रिका आणि अरबस्तान समोर, खाली अंटार्क्टिकाचा बर्फ. आपल्या सगळ्यांच्या भूगोलाच्या पुस्तकात तो कुठे ना कुठे होता. गोर यांचं म्हणणं असं, की असा फोटो पुन्हा निघालेलाच नाही, तर एक उपग्रह दूर पाठवून पूर्ण पृथ्वीचं चित्र सतत सगळ्यांना दाखवू या.

ऐकायला हे भाबडं वाटतं, पण अडचण खरी होती. आपले बहुतेक निरीक्षण उपग्रह काही शे किलोमीटरवरून फिरतात. त्यांना जमिनीचे पट्टे दिसतात आणि ते पट्टे नंतर जोडावे लागतात. हवामानाचे भूस्थिर उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर असतात, पण ते एकाच बाजूला खिळलेले, आणि त्यांच्या नजरेसमोरचा भाग रात्री अंधारात जातो. सूर्य आणि पृथ्वीच्या मधोमध नाही, पण त्या रेषेवर, आपल्यापासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर एक जागा आहे, तिला एल-१ म्हणतात. तिथे दोघांच्या ओढीचा असा मेळ बसतो की उपग्रह पृथ्वीबरोबरच सूर्याभोवती फिरत राहतो. तिथून मागे वळून पाहिलं की पृथ्वीची उजळलेली बाजूच कायम समोर असते. उजाडणाऱ्या कडेपासून मावळणाऱ्या कडेपर्यंत, एका नजरेत.

कल्पना पुढाऱ्याची होती, पण तिच्यात शास्त्र भरलं ते कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या फ्रान्सिस्को वालेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी कॅमेऱ्याला दहा वेगवेगळ्या तरंगलांबींचे गाळणीपट्टे दिले. अतिनील किरणांपासून जवळच्या अवरक्तापर्यंत. त्यावरून ओझोन, हवेतली धूळ, ज्वालामुखीचा धूर, ढगांची उंची मोजता येते. दुसरं उपकरण आणखी धीट होतं. ते साऱ्या पृथ्वीकडे एकच ठिपका म्हणून पाहणार आणि त्या ठिपक्याकडून परत येणारी ऊर्जा मोजणार. सूर्याकडून किती आलं आणि आपण किती परत पाठवलं, हा पृथ्वीच्या तापण्याचा मूळ जमाखर्च. तो थेट बाहेर उभं राहून मांडण्याची ही सोय होती. तिसरं उपकरण सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या वाऱ्याकडे लक्ष ठेवणार होतं. हे तिसरं लक्षात ठेवा, पुढे त्याच्यामुळेच सगळं तरलं.

रिपब्लिकन पक्षाच्या लोकांनी या उपग्रहाला ‘गोरसॅट’ म्हणायला सुरुवात केली. कोट्यवधी डॉलरचा स्क्रीनसेव्हर अशी त्याची टिंगल झाली. १९९९ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, काम थांबवायला लावलं आणि सांगितलं, आधी राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडून याचं शास्त्रीय मोल तपासून घ्या. अकादमीने तपासलं आणि २००० साली निर्वाळा दिला, की मोहीम शास्त्रीयदृष्ट्या भक्कम आहे.

इथे मला विरोधकांची अर्धी बाजू मान्य करावीच लागते. अमेरिकेत अशा मोहिमा ठरवण्याची एक रीत आहे. दर दहा वर्षांनी अकादमीच्या छत्राखाली त्या त्या शाखेतले शेकडो शास्त्रज्ञ बसतात, वाद घालतात आणि पुढच्या दशकात काय आधी, काय नंतर याची यादी छापून लोकांपुढे ठेवतात. इतर संशोधक आपापले प्रस्ताव घेऊन स्पर्धेत उतरतात, बहुतेकांना नकार मिळतो. ट्रायना अशा कुठल्या रांगेतून आला नाही. तो उपाध्यक्षांच्या शब्दावर वर आला. ज्या शास्त्रज्ञाचा प्रस्ताव त्या वर्षी मागे पडला असेल त्याला याचा राग आला तर तो चुकला असं मी म्हणणार नाही. काँग्रेसने तज्ज्ञांकडून तपासणी मागितली तेही रास्तच होतं. लोकांचा पैसा आहे, लोकप्रतिनिधींनी विचारलंच पाहिजे.

पण विचारल्यावर आलेलं उत्तर ऐकायचं की नाही? घोडं पेंड खातं ते इथे. २००० ची निवडणूक फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर सुटली. गोर हरले, जॉर्ज बुश अध्यक्ष झाले. अकादमीचा अहवाल होता तिथेच होता, उपग्रह होता तसाच होता. बदललं होतं ते फक्त सरकार. आणि २००१ च्या नोव्हेंबरात उपग्रह पेटीत गेला.

जाहीर कारण असं दिलं गेलं, की स्पेस शटल या अवकाशयानाच्या फेऱ्या आता आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बांधणीला लागणार आहेत, ट्रायनासाठी जागा नाही. ट्रायना ज्या फेरीतून जायचा होता तिचं नाव एसटीएस-१०७. कोलंबिया यानाची फेरी. ती अवकाश स्थानकाकडे गेलीच नाही. ती निव्वळ संशोधनाची फेरी म्हणून १६ जानेवारी २००३ ला निघाली आणि १ फेब्रुवारीला परतताना आकाशात फुटली. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी त्यात गेले. त्या शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे टीव्हीपुढून कुणी उठलं नव्हतं. ती बातमी पाहताना ट्रायनाचं नावही मला ठाऊक नव्हतं. त्या फेरीशी त्याचा असा संबंध होता हे पुढे कित्येक वर्षांनी वाचलं, आणि मग पहिल्यांदा ते जाहीर कारण आणि प्रत्यक्ष घडलेलं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. दोन्ही जुळत नव्हती.

माझी सगळी तक्रार या न जुळण्याबद्दल आहे. सरकारने एखादी मोहीम रद्द करावी, तो सरकारचा अधिकार आहे. ‘हवामानबदलाचा अभ्यास आम्हाला नको’ किंवा ‘आमच्या प्रतिस्पर्ध्याच्या नावाची गोष्ट आम्ही उडवणार नाही’ असं कुणी लिहून दिलं असतं, तर त्यावर भांडता आलं असतं, पुढच्या निवडणुकीत विचारता आलं असतं. फेरीत जागा नाही या कारणाशी भांडणार कसं? तो तर वेळापत्रकाचा प्रश्न झाला. खरं कारण कागदावर येत नाही तेव्हा ते खोडूनही काढता येत नाही.

२००३ मध्ये नासाने उपग्रहाचं नाव बदललं. ट्रायना म्हटलं की गोर आठवतात, म्हणून डीप स्पेस क्लायमेट ऑब्झर्व्हेटरी, थोडक्यात डिस्कव्हर. नावाने काही फरक पडला नाही. २००५ मध्ये मोहीम अधिकृतपणे रद्द झाली. शेवटी सुटका झाली ती त्या तिसऱ्या उपकरणामुळे. सूर्यावरच्या वादळांची पूर्वसूचना देणारा एसीई नावाचा उपग्रह १९९७ पासून एल-१ वर काम करत होता आणि म्हातारा झाला होता. तो अचानक बंद पडला तर वीजवाहिन्या, विमानांचा रेडिओसंपर्क, लष्कराचे उपग्रह यांना पंधरा मिनिटं ते तासभर आधी मिळणारा इशारा मिळेनासा झाला असता. गोडार्डमध्ये त्याची जागा घेऊ शकणारं यंत्र पेटीत पडून आहे हे अमेरिकेच्या हवामान खात्याच्या, म्हणजे नोआच्या, आणि हवाई दलाच्या लक्षात आलं. २००८ च्या नोव्हेंबरात पेटी उघडली. उपग्रह तपासला, दुरुस्त केला, उड्डाणाचा खर्च हवाई दलाने उचलला आणि ११ फेब्रुवारी २०१५ ला फाल्कन-९ अग्निबाणावरून तो निघाला. मुख्य काम सौरवादळाचं. पृथ्वीकडे बघणारी उपकरणं आता दुय्यम.

कल्पना मांडल्यापासून चित्र मिळेपर्यंत सतरा वर्षं गेली. पहिला फोटो ६ जुलै २०१५ चा आहे.

त्यानंतर ही चित्रं रोज प्रसिद्ध होऊ लागली, दिवसाला डझनभर किंवा जास्त. मी ती वर्गात लावायची. भारत मध्यभागी येतो ते चित्र आपल्या दुपारचं असतं. मे महिन्यात सगळा देश तपकिरी, कोरडा. जूनमध्ये केरळच्या खाली ढगांची दाटी होते, मग ती अरबी समुद्रावरून वर सरकते आणि जुलैत कोकणाचा किनारा शोधूनही सापडत नाही, सगळं पांढरं. ऑक्टोबरात ढग ओसरले की खालून हिरवा देश बाहेर येतो. हिवाळ्यात हिमालयाच्या पायथ्याशी धुरकट पट्टा. मुलांना हे पावसाळ्याच्या धड्यापेक्षा लवकर समजायचं. धड्यातले बाण त्यांनी पाठ केलेले असतात, इथे तो पाऊस कुठून निघाला आणि कुठे पोचला ते दिसतं.

एका गोष्टीचं मला विशेष कौतुक वाटतं. ही चित्रं बघणाऱ्या सामान्य लोकांना जमिनीवर मध्येच बारीक चमक दिसू लागली. एखादा चांदीचा कण चमकावा तशी. समुद्रावर सूर्याचं प्रतिबिंब पडून चकाकी येते हे माहीत होतं, पण जमिनीवर? लोकांनी गोडार्डला ईमेल लिहिले. तिथले अलेक्झांडर मार्शक यांनी ते मनावर घेतलं. साधारण वर्षभराची चित्रं तपासून त्यांना अशा ८६६ चमका सापडल्या. वीज असती तर त्या कुठेही दिसल्या असत्या. या मात्र नेमक्या त्याच अक्षांशांवर येत होत्या, जिथे सूर्यकिरण पडण्याचा कोन आणि उपग्रहाकडे परत जाण्याचा कोन सारखा असतो. म्हणजे काहीतरी आरशासारखं आडवं पसरलेलं आहे. ते निघाले उंच ढगांतले बर्फाचे चपटे कण, हवेत जवळजवळ आडवे तरंगणारे. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. घरबसल्या चित्र बघणाऱ्या कुणाच्या तरी ईमेलवरून एक शोधनिबंध उभा राहिला. याच उपग्रहाला लोक स्क्रीनसेव्हर म्हणाले होते.

मग मनात येतं ते मधल्या वर्षांचं. पैशाचं नुकसान मोजता येतं, पुढच्या अंदाजपत्रकात ते भरूनही काढता येतं. निरीक्षणाचं तसं नाही. २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सूर्यावर मोठी वादळं झाली, २००७ मध्ये आर्क्टिकचा बर्फ तोवरच्या नीचांकाला गेला, २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं जमिनीवर बसवली. या सगळ्या काळात एल-१ वरून पृथ्वीकडे बघायला जे यंत्र बनवलं होतं ते मेरीलँडमधल्या पेटीत होतं. वेळेवर गेलं असतं तर ते दहा वर्षं चाललं असतं की तीन, कुणी सांगावं. पण जे दिवस निघून गेले त्यांची मोजमापं आता कितीही पैसे ओतले तरी मिळणार नाहीत. हवामानाच्या शास्त्रात सगळी भिस्त सलग नोंदीवर असते. आपल्याकडे कुलाब्याच्या वेधशाळेची मोलाची गोष्ट हीच आहे, की तिथल्या नोंदी पिढ्यान् पिढ्या न चुकता होत आल्या.

उपग्रह अडवणं हा ढवळाढवळीचा एक प्रकार झाला. त्याच सुमारास दुसराही चालू होता, माणसाचं तोंड बंद करण्याचा. न्यूयॉर्कमधल्या नासाच्या गोडार्ड इन्स्टिट्यूटचे प्रमुख जेम्स हॅन्सन यांनी २००५ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत एक व्याख्यान दिलं. हरितगृह वायूंना लवकर आवर घातला पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. त्यानंतर त्यांची व्याख्यानं, लेख, मुलाखती आधी मुख्यालयाच्या जनसंपर्क विभागाने पाहिल्या पाहिजेत असा निरोप आला. हॅन्सन गप्प बसले नाहीत, त्यांनी ते वर्तमानपत्राला सांगितलं आणि २००६ च्या जानेवारीत गवगवा झाला. नासाच्या प्रमुखांना जाहीर करावं लागलं, की शास्त्रीय मजकुरात फेरफार करणं हे जनसंपर्कवाल्यांचं काम नाही. २००८ मध्ये नासाच्याच महानिरीक्षकांच्या चौकशीत निष्पन्न झालं, की त्या काळात हवामानबदलावरची माहिती लोकांपर्यंत पोचताना कमी केली गेली, बाजूला सारली गेली, विपर्यस्त केली गेली. दरम्यान २००६ मध्ये नासाच्या ध्येयवाक्यातून ‘आपला गृहग्रह समजून घेणे आणि जपणे’ हे शब्द काढून टाकले गेले होते. इथेही मला तेच दिसतं. ‘बोलू नका’ असं कुणी लिहून दिलं नाही. ‘आधी दाखवा’ एवढंच सांगितलं.

प्रेमापोटी केलेली ढवळाढवळही असते, आणि ती पाहून माझी थोडी पंचाईत होते. टेक्सासमधले काँग्रेसमन जॉन कल्बर्सन हे रिपब्लिकन. गुरूच्या युरोपा या चंद्रावर त्यांचा विलक्षण जीव. त्याच्या बर्फाखाली समुद्र आहे, त्या समुद्रात जीव असेल, आणि ते आपल्या हयातीत कळलं पाहिजे, ही त्यांची तळमळ खरी होती. नासाच्या पैशाच्या किल्ल्या ज्या उपसमितीकडे त्यांचे ते अध्यक्ष झाले आणि नासाने मागितले त्याहून जास्त पैसे युरोपासाठी देत राहिले. शास्त्रज्ञांच्या दशकाच्या यादीत युरोपाचा क्रमांक वर होताच, त्यामुळे युरोपा क्लिपर यानाला बळ मिळालं ते चांगलंच झालं. पण युरोपावर उतरणारं यान त्या यादीत नव्हतं. तेही कल्बर्सन यांनी हट्टाने कायद्यात घातलं. शिवाय क्लिपर एसएलएस याच अग्निबाणावरून उडालं पाहिजे असं बंधन कायद्याने आलं. एसएलएस हा अग्निबाण बांधा असा हुकूम काँग्रेसनेच २०१० मध्ये दिला होता आणि त्याचं काम अलाबामासारख्या राज्यांतल्या नोकऱ्यांशी बांधलेलं होतं. कुठल्या यानाला कुठला अग्निबाण सोयीचा, हे अभियंत्यांनी ठरवायचं की कायद्याने?

२०१८ च्या नोव्हेंबरात कल्बर्सन हरले. प्रचारात त्यांच्या युरोपाप्रेमाचाच त्यांच्याविरुद्ध वापर झाला. ते गेले आणि उतरणाऱ्या यानाचा आग्रहही ओसरला. अग्निबाणाची अट नंतर काढली गेली आणि क्लिपर १४ ऑक्टोबर २०२४ ला फाल्कन हेवीवरून निघालं. २०३० मध्ये ते गुरूपाशी पोचेल. त्या माणसाबद्दल मला आदर आहे. पण एका माणसाच्या खुर्चीवर उभी राहिलेली मोहीम त्या खुर्चीबरोबर कोसळते, मग ती खुर्ची गोर यांची असो की कल्बर्सन यांची.

२०१७ मध्ये नव्या सरकारच्या पहिल्याच अंदाजपत्रकात डिस्कव्हरची पृथ्वीकडे बघणारी दोन उपकरणं बंद करण्याचा प्रस्ताव होता. सौरवादळाचं उपकरण ठेवा, पृथ्वीकडचे डोळे मिटा. काँग्रेसने ते मानलं नाही. २०२५ च्या मे महिन्यात त्याहून मोठी कात्री निघाली. नासाच्या विज्ञानाचा निधी जवळजवळ निम्म्यावर, ४७ टक्क्यांनी खाली आणायचा प्रस्ताव. बंद करायच्या यादीत ओसीओ-२ हा उपग्रहसुद्धा होता. २०१४ पासून तो कार्बन डायऑक्साइड कुठून निघतो आणि कुठे शोषला जातो हे मोजतो आहे, आणि ठणठणीत आहे. तो आणि अवकाश स्थानकावर बसवलेलं त्याचं भावंड ओसीओ-३, दोन्ही घडवून वर पाठवायला सुमारे ७५ कोटी डॉलर लागले. चालवायला वर्षाला दीड कोटी पुरतात. बचत हे कारण इथे टिकत नाही. काँग्रेसने ही कात्रीही पुढे बऱ्याच अंशी नाकारली, पण तोवर सुमारे चार हजार माणसांनी नासा सोडायचं ठरवलं होतं आणि हॅन्सन यांच्या त्या न्यूयॉर्कच्या संस्थेला ब्रॉडवेवरची जुनी जागा रिकामी करावी लागली होती. हातातलं कौशल्य एकदा पांगलं की निधी परत आला म्हणून ते परत येत नाही.

याच प्रस्तावांत एक ओळ अशी होती की ती थेट आमच्या गावाकडे येऊन पोचली. माझं माहेर हिंगोली जिल्ह्यात, वसमतकडे. तिथून जवळच, औंढा नागनाथच्या परिसरात लायगो-इंडिया उभं राहतं आहे. गुरुत्वीय लहरी, म्हणजे कृष्णविवरांसारख्या जड वस्तूंच्या टकरीने अवकाशात उठणारे तरंग, टिपणारी वेधशाळा, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. अमेरिकेत अशा दोन आहेत, एक हॅनफर्डला, एक लिव्हिंग्स्टनला, मध्ये तीन हजार किलोमीटरचं अंतर. प्रस्ताव असा, की त्यातली एकच चालवावी. त्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाचा फोन आला. तो शेती करतो आणि या प्रकल्पाची प्रत्येक बातमी वाचतो. म्हणाला, “ताई, तिकडलं एक बंद करायलेत म्हणं. मग आपलं कशाला बांधायलेत?”

त्याला मी जे सांगितलं ते असं. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर सापडली, ती आधी लिव्हिंग्स्टनला आणि सात सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डला. दोन्हीकडे तोच आकार, म्हणून खात्री पटली. एकच यंत्र असतं तर रस्त्यावरून ट्रक गेला, दूर कुठे समुद्र खवळला, की खरंच दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, हे ठामपणे सांगणं फार अवघड. २०१७ च्या ऑगस्टमध्ये इटलीतलं तिसरं यंत्र सोबत होतं म्हणून लहर आकाशाच्या कुठल्या कोपऱ्यातून आली ते कळलं, आणि काही तासांत दुर्बिणींनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा शोधली. औंढ्याचं यंत्र हवं आहे ते यासाठीच, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला उभं राहून दिशा सांगायला. दोनातलं एक बंद केलं तर खर्च निम्मा होईल, पण काम निम्म्यावर थांबत नाही, जवळजवळ सगळंच जातं. औंढ्यात बसवायचे कितीतरी भागही अमेरिकेतूनच यायचे आहेत. हॅनफर्डसाठी घडवलेला दुसरा संच भारतासाठी म्हणून बांधून ठेवलेला आहे.

“मग त्यांना हे ठाऊक नसंल का?” त्याने विचारलं. तिथल्या शास्त्रज्ञांना नक्की ठाऊक आहे, असं मी म्हणाले. आकडे लिहिणाऱ्यांनी त्यांना विचारलं का, हे मला सांगता आलं नाही.

आपल्याकडे परिस्थिती निराळी आहे, पण फार निराळी नाही. लायगो-इंडियाचा प्रस्ताव कित्येक वर्षं दिल्लीत पडून होता. ११ फेब्रुवारी २०१६ ला अमेरिकेतून लहर सापडल्याची घोषणा झाली आणि आठवड्याच्या आत आपल्या मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी आली. मला तेव्हा आनंदच झाला होता. मग २,६०० कोटींची अंतिम मंजुरी यायला २०२३ चा एप्रिल उजाडला. ही कुणाची अडवणूक होती असा माझा आरोप नाही. पण जगभर बातमी गाजली की फाइल हलते आणि बातमी विरली की थांबते, ही चाल मला काळजीत टाकते. २०२३ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी लक्ष्य दिलं, २०३५ पर्यंत भारताचं अवकाश स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस. देशाच्या नेत्याने स्वप्न बघावं यात वावगं काय? चंद्रावर कुणी भारतीय उतरला तर त्या रात्री मीही झोपणार नाही. प्रश्न एवढाच, की या रांगेत शुक्राची मोहीम कुठे उभी आहे, नव्या दुर्बिणी कुठे, सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ नंतरचं यान कुठे, आणि हा क्रम कुणी, कशाच्या आधारे लावला. आदित्य-एल१ ची आठवण मुद्दाम काढते. डिस्कव्हर ज्या एल-१ परिसरात आहे तिथेच २०२४ च्या जानेवारीत आपलं यान पोचलं, आणि त्यावरची अतिनील दुर्बीण आमच्या पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत घडली.

डिस्कव्हरच्या संगणक प्रणालीत २०२५ च्या जुलैत बिघाड झाला आणि चित्रं थांबली. सौरवादळांवर नजर ठेवायला नोआचा नवा उपग्रह त्याच वर्षी सप्टेंबरात रवाना झाला. त्यावर पृथ्वीकडे बघणारा कॅमेरा नाही.

केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने ‘मेगा सायन्स व्हिजन २०३५’ नावाचे अहवाल तयार करून घेतले आहेत. खगोलशास्त्राच्या अहवालासाठी समन्वयाचं काम आयुकाने केलं. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी मिळून, पुढच्या काळात कुठल्या दुर्बिणी आणि कुठल्या मोहिमा हव्यात, हे त्यात मांडलं आहे. असा कागद आपल्याकडे आता आहे. आमच्या मराठवाड्यातल्या खासदारांना मी एक पत्र लिहिते आहे. अवकाश खात्याची पुढची मोठी घोषणा होईल तेव्हा तीत या अहवालातलं काय घेतलं, काय सोडलं, आणि सोडलं त्याचं कारण काय, हे त्यांनी सभागृहात विचारावं. लेखी उत्तर मागावं.